बाटलीची पाठ वाच

बाटली हातात आली की आधी उलटी फिरव. पुढच्या बाजूला कमळ असतं, हसणारी मुलगी असते आणि 'हार्मोन बॅलन्स' असं वळणदार अक्षरांत लिहिलेलं असतं. तिथे वाचण्यासारखं काही नाही. कराडच्या पेठेतल्या दुकानात मामंजींनी मला काउंटरवर उभं केलं, तेव्हा त्यांचा पहिला धडा हाच होता. ते म्हणायचे, "सूनबाई, पुढची बाजू कंपनीची, मागची गिऱ्हाइकाची." त्या वेळी पाळीसाठी काढ्याच्या काळ्या बाटल्या यायच्या. आता गोळ्या, सॅशे, गमी असं काहीबाही येतं आणि दुकानापेक्षा मोबाइलवरच जास्त विकलं जातं. तू परवा पाठवलेल्या फोटोंत एकही पाठीचा नव्हता, म्हणून हे सगळं लिहायला बसले.

हातात आहे ते अन्न की औषध, हे आधी बघ. एफएसएसएआयचा चौदा अंकी परवाना क्रमांक आणि 'हेल्थ सप्लिमेंट' असे शब्द असतील, तर कायद्याच्या नजरेत ते अन्न. त्यावर 'नॉट फॉर मेडिसिनल यूज' असंही छापावं लागतं, आणि ते बहुतेक वेळा मुंगीच्या अक्षरांत छापतात. 'आयुर्वेदिक प्रोप्रायटरी मेडिसिन' असं असेल तर परवाना आयुर्वेदिक औषधाचा, नियम वेगळे. आणि लाल रेघ असेल तर ते डॉक्टरच्या चिठ्ठीवरचं औषध. मैत्रिणीला लागू पडलं म्हणून घ्यायचं नाही.

जाहिरातीत 'पाळी नियमित करते' असं सरळ न म्हणता 'सपोर्ट', 'बॅलन्स', 'वेलनेस' असे गुळमुळीत शब्द का असतात, माहीत आहे? १९५४ च्या ड्रग्ज अँड मॅजिक रेमेडीज कायद्यात पाळीचे विकार दुरुस्त करण्याचा दावा करून औषधाची जाहिरात करायला मनाई आहे. अन्न म्हणून विकणाऱ्यालाही रोग बरा करतो असं म्हणता येत नाही. म्हणून शब्द गुळमुळीत. इतकं असूनही कोणी छातीठोकपणे 'नव्वद दिवसांत पीसीओडी मुळापासून गायब' असं म्हणत असेल, तर तो कायदा तरी वाचत नाही किंवा तुला भोळी तरी समजतो. दोन्ही बाबतीत त्याच्याकडून घेऊ नये.

आता मुद्द्याचं, म्हणजे मात्रेचं. नुसत्या नावाला किंमत नाही. अमुक घटक 'आहे' यावर भुलायचं नाही. किती आहे आणि दिवसाला किती पोटात जातो, हे बघायचं. तक्त्याच्या डोक्यावर 'प्रति सर्व्हिंग' लिहिलेलं असतं. सर्व्हिंग म्हणजे एक गोळी की दोन की एक चमचा, ते आधी शोध. पुष्कळदा आकडा दोन गोळ्यांचा असतो आणि आपण एकीचा समजतो.

तुझ्याच फोटोतली गोळी घेऊ. पाठ नव्हती, पण खोक्याच्या कडेला अर्धी ओळ दिसली: मायो-इनॉसिटॉल ५५० मिलिग्रॅम, डी-कायरो-इनॉसिटॉल १३.८ मिलिग्रॅम. भागून बघ, ४० ला १ येतं. हे प्रमाण त्यांनी मनाने काढलेलं नाही, अभ्यासांत वापरलेलं आहे. प्रमाण बरोबर आहे, मात्रा मात्र नाही. पीसीओएसवरच्या, म्हणजे पीसीओडीवरच्याच, बहुतेक अभ्यासांत मायो-इनॉसिटॉल दिवसाला ४ ग्रॅम दिलं होतं, सकाळी २ आणि संध्याकाळी २. तुझ्या खोक्यावर रोज एक गोळी दोन वेळा लिहिलं असेल, तर दिवसाला १.१ ग्रॅम होतं. म्हणजे पाव हिश्श्याच्या थोडं वर. ४ ग्रॅम गाठायला त्या आठ गोळ्या लागतील. आठ गोळ्या कोण गिळतं? म्हणून हे घ्यायचंच असेल तर २ ग्रॅमची सॅशे असते, पाण्यात विरघळते, किंचित गोडसर लागते. भाव करताना एमआरपीला गोळ्यांच्या संख्येने भागू नकोस, एकूण ग्रॅमने भाग. मग स्वस्त वाटलेली डबी कितीला पडते ते कळेल.

आणि हेही ऐक. इनॉसिटॉलचा पुरावा मध्यमच आहे. पीसीओएसवरची २०२३ ची आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचना सांगते की बाईची इच्छा असेल तर विचार करायला हरकत नाही, अपाय फारसा नाही. पण बीज सुटणं, नको तिथले केस, वजन यांवर फायदा मर्यादित दिसतो. चेहऱ्यावरचे केस आणि कमरेचा घेर यांत मेटफॉर्मिन त्यापेक्षा उजवं ठरलं आहे. डॉक्टरांनी मेटफॉर्मिन लिहून दिलं असताना 'ते केमिकल, हे नॅचरल' म्हणून बदलाबदली करायची नाही. आमच्या दुकानात अशी बदलाबदली पाहिली की मामंजी चष्म्यावरून बघायचे, तेवढं पुरायचं.

वनस्पतींचं गणित वेगळं आणि लबाडीला तिथे जागा जास्त. एका कॅप्सूलमध्ये अशोक, लोध्र, शतावरी, मेथी, दालचिनी, गुळवेल, अश्वगंधा अशी बारा नावं आणि एकूण वजन ५०० मिलिग्रॅम. बाराने भागलं तर एकेकीच्या वाट्याला सरासरी ४२ मिलिग्रॅम. अश्वगंधेच्या चूर्णाची रूढ मात्रा ३ ते ६ ग्रॅम आहे. ग्रॅम म्हणते आहे मी, मिलिग्रॅम नाही. त्यापुढे ४२ मिलिग्रॅम म्हणजे दर्या में खसखस. वैद्य पुडी बांधून देत, ती दोन बोटांच्या चिमटीत मावायची नाही, ते काही उगाच नव्हतं.

यावर दुकानदार म्हणेल, अहो हे चूर्ण नाही, अर्क आहे. बरोबर, अर्क कमी लागतो. मग दोनच गोष्टी विचार. किती पट अर्क? '१० ला १' म्हणजे दहा ग्रॅम मुळापासून एक ग्रॅम. आणि त्यात कामाचं द्रव्य किती टक्के? अश्वगंधेत ते विथॅनोलाइड्स असतात. लेबलवर '५ टक्के विथॅनोलाइड्स, ३०० मिलिग्रॅम' असेल तर १५ मिलिग्रॅम विथॅनोलाइड्स, हिशेब लागला. नुसतं 'अश्वगंधा ३०० मिलिग्रॅम' लिहिलं असेल तर ते चूर्ण आहे की अर्क हेच कळत नाही, आणि जे लिहिलेलं नाही ते नाहीच असं धरून चालायचं. मूळ की पान, तेही बघ. आयुष मंत्रालयाने २०२१ मध्ये उत्पादकांना अश्वगंधेची पानं वापरू नका असं कळवलं होतं, कारण परंपरेने वापर मुळाचा आहे. आणि अश्वगंधा सगळ्यांना मानवते असं समजू नकोस. थायरॉइडची संप्रेरकं ती वाढवू शकते, यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत, आणि गरोदरपणात टाळावी. तुझी थायरॉइडची गोळी चालू आहे, म्हणून तुला हे खास.

अमेरिकेहून येणाऱ्या बाटल्यांबद्दलही सांगते, कारण आपल्या घरी दर दिवाळीला एक तरी येतेच. तिकडे १९९४ च्या सप्लिमेंट कायद्याप्रमाणे 'प्रोप्रायटरी ब्लेंड' असं एक दार उघडं आहे. मिश्रणाचं एकूण वजन छापायचं आणि घटकांची नावं वजनाच्या उतरत्या क्रमाने द्यायची. कोणतं किती, ते सांगायची सक्ती नाही. म्हणजे '७५० मिलिग्रॅम ब्लेंड'मध्ये ७०० दालचिनी आणि बाकी चौघींना मिळून ५० असू शकतं. दादाने प्रेमाने आणली म्हणून मात्रा वाढत नाही. त्या बाटल्यांत 'चेस्टबेरी' पुष्कळदा दिसेल. ती आपल्या निर्गुंडीच्या कुळातली, पण निर्गुंडी नव्हे, तेव्हा घरच्या झाडाचा पाला त्याच्या जागी उकळू नकोस. पाळीआधीच्या चिडचिडीवर तिच्या २० मिलिग्रॅम अर्काचा बऱ्यापैकी अभ्यास २००१ मध्ये झाला होता. गर्भनिरोधक गोळ्या चालू असतील तर डॉक्टरला विचारल्याशिवाय नको. 'सेंट जॉन्स वॉर्ट' दिसलं तर गर्भनिरोधक गोळीवर असलेल्या बाईने सरळ बाजूला ठेवावं; त्याने गोळीचा असर कमी होतो.

खनिजांत एक चोरदरवाजा आहे. 'मॅग्नेशियम ग्लायसिनेट १००० मिलिग्रॅम' म्हणजे मॅग्नेशियम १००० मिलिग्रॅम नव्हे. ते क्षाराचं वजन, त्यात खरं मॅग्नेशियम १४ टक्क्यांच्या आसपास, म्हणजे १४० मिलिग्रॅम. कॅल्शियम कार्बोनेटमध्ये कॅल्शियम ४० टक्के, म्हणून १२५० च्या गोळीत ५००. फेरस फ्युमरेटमध्ये लोह साधारण एक तृतीयांश. लेबलवर 'एलिमेंटल' हा शब्द शोधायचा आणि तोच आकडा धरायचा. बाईला दिवसाला लोह २९ मिलिग्रॅम आणि कॅल्शियम १००० मिलिग्रॅम, हे आयसीएमआरचे २०२० चे आकडे आहेत. टक्क्यांचा रकाना त्यांच्याशीच ताडून बघ. लोहाचं नाव घेऊन विकल्या जाणाऱ्या एखाद्या महागड्या गमीत पाच-सात मिलिग्रॅम असतं. आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात बायकांना फुकट मिळणारी लाल गोळी? ६० मिलिग्रॅम लोह, ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक अॅसिड. दिसायला साधी, चव धातूची, शौच काळं होतं. पण मात्रा पूर्ण. रक्त कमी असेल तर मी तिच्याच बाजूची.

एककं वाचताना चष्मा लाव. मिलिग्रॅम आणि मायक्रोग्रॅम यांत हजारपट अंतर आहे. फॉलिक अॅसिड ४०० मायक्रोग्रॅम ही दिवस राहायच्या तयारीतली नेहमीची मात्रा. बाजारात ५ मिलिग्रॅमची गोळी सहज मिळते, ती तिच्या साडेबारा पट. कोणाकोणाला तीच लागते, पण ते डॉक्टर ठरवतात, शेजारीण नाही. ड जीवनसत्त्वाचं तर विचारूच नकोस. ४० युनिट म्हणजे १ मायक्रोग्रॅम. रोजची गरज ६०० युनिट. ६० हजार युनिटची सॅशे आठवड्याला एक, ठरलेले आठवडेच, अशी असते. ती रोज एक घेणाऱ्या बायका मी काउंटरवर पाहिल्या आहेत, 'ताकदीची आहे ना हो' म्हणत. रक्तात कॅल्शियम वाढतं, उलट्या होतात, तहान लागते, मूत्रपिंडावर ताण येतो. आणि वर हार्मोन बॅलन्सच्या डबीत आणखी ड असतंच.

इथेच माझा सगळ्यात आवडता कानमंत्र सांगते: कागद घे आणि बेरीज कर. मल्टिव्हिटॅमिन, केसांची गमी, पीसीओडीची पावडर आणि डॉक्टरांची बी-कॉम्प्लेक्स अशा चार डब्या शेजारी मांड. मग बी-६ चा रकाना उभा वाच. एकीत १०, दुसरीत ३, तिसरीत ५०. पाळीआधीच्या त्रासावरच्या गोळ्यांत बी-६ हमखास जास्त असतं. हे जीवनसत्त्व लघवीवाटे निघून जातं, मग काय होणार, असं लोक म्हणतात. होतं. महिनोन्महिने जास्त घेतलं की हातापायांना मुंग्या येतात, बधिरपणा येतो, नसांना इजा होते. अमेरिकेने वरची मर्यादा १०० मिलिग्रॅम ठेवली आहे. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०२३ मध्ये ती १२ वर आणली. दोघांत इतकी तफावत असेल तर आपण खालच्या आकड्याजवळ राहिलेलं बरं.

केसांच्या गमीतलं बायोटिन हा दुसरा गोंधळ, आणि हार्मोनशी त्याचा थेट संबंध आहे. रोजची गरज जेमतेम ३०-४० मायक्रोग्रॅम. गमीत ५ हजार, १० हजार मायक्रोग्रॅम असतात. ते शरीराला फारसं बाधत नाही, पण लॅबच्या यंत्राला चकवतं. पुष्कळ यंत्रांत तपासणीची रीतच बायोटिनवर उभी असते. रक्तात बायोटिन भरपूर असलं की टीएसएच खोटाच कमी आणि टी-४ खोटाच जास्त येऊ शकतो. मग थायरॉइड वाढल्यासारखा रिपोर्ट हातात पडतो, बाई घाबरते आणि डॉक्टर तुझी गोळी कमी करून बसतात. रक्त द्यायच्या आधी किमान दोन दिवस ती गमी बंद ठेवायची आणि लॅबवाल्याला सांगायचं. अमेरिकेच्या एफडीएने २०१७ मध्येच यावर इशारा दिला होता. आपल्याकडे रक्त घ्यायला येणारा मुलगा 'उपाशी आहात ना' एवढंच विचारतो.

तुझी थायरॉइडची गोळी सकाळी उपाशीपोटी असते. कॅल्शियम, लोह आणि ती यांत चार तासांचं अंतर ठेव. चहाबरोबर लोह नको. मेटफॉर्मिन बरीच वर्षं चालू असेल तर बी-१२ कमी होतं, तेव्हा ते तपासून घे, अंदाजाने घेऊ नकोस. एकंदरीतच आधी तपासणी, मग डबी. हिमोग्लोबिन, फेरिटिन, टीएसएच, बी-१२, ड. ज्याची कमी नाही ते भरायला पैसे कशाला?

'लॅब टेस्टेड', 'जीएमपी' असे गोल शिक्के छापायला फक्त शाई लागते. कंपनीला मेल कर: या बॅचचा तपासणी अहवाल पाठवा. बॅच नंबर बाटलीवरच्या नंबराशी जुळतो का, शिसं-पारा-आर्सेनिकचे आकडे आहेत का आणि कामाच्या द्रव्याचा टक्का आहे का, एवढं बघ. ही नुसती शंका नाही. २००८ मध्ये अमेरिकेत इंटरनेटवरून घेतलेली १९३ आयुर्वेदिक उत्पादनं तपासली, तेव्हा सुमारे पाचातल्या एकात शिसं, पारा किंवा आर्सेनिक सापडलं. त्यात तिकडे बनवलेलीही होती आणि आपल्याकडची पण. शिसं हाडांत साठतं आणि गरोदरपणात तिथून निघून बाळापर्यंत पोचतं. भस्म असलेलं काहीही वैद्याच्या देखरेखीशिवाय नको. अहवाल मागितल्यावर कंपनीने 'हे गोपनीय आहे' असं कळवलं की तुलाही तुझं उत्तर मिळालं.

गमीबद्दल एवढंच: साखर बघ. इन्सुलिनच्या तक्रारीवर दिवसाला दोन गोड गोळ्या खायच्या, हे मला अजून पटलेलं नाही.

पाळी चुकली की आधी गरोदरपणाची पट्टी, मग पावडर. लग्न झालेलं असो की नसो, मी कोणाला विचारत नव्हते, तूही मैत्रिणींना विचारू नकोस. तीन महिने पाळी नाही, अंगावरून फार जातंय, गाठी पडतायत, यांतलं काहीही असेल तर बाईच्या डॉक्टरकडे जायचं. आणि ताईला माझा निरोप दे. तिने गरम वाफांसाठी 'ब्लॅक कोहोश'ची बाटली मागवली आहे असं कळलं. यकृताला त्रास झाल्याच्या नोंदी त्या वनस्पतीच्याही नावावर आहेत. डोळे पिवळे, लघवी गडद झाली तर त्याच दिवशी बंद. स्तनाच्या गाठीचा इतिहास असलेल्या बाईने सोयाच्या आयसोफ्लेव्होनच्या गोळ्या किंवा शतावरी कर्करोगाच्या डॉक्टरला विचारल्याशिवाय घेऊ नयेत. आणि पाळी जाऊन वर्ष उलटल्यावर एक थेंब जरी दिसला, तरी 'परत आली वाटतं' म्हणून हसायचं नाही, सोनोग्राफी करून घ्यायची. ताई माझं ऐकत नाही, तुझं ऐकेल.

एवढं सगळं बघून एखादी डबी घ्यावीशी वाटली तर एकच घे, एका वेळी एक. दोन सुरू केल्यास की फरक कशाने पडला ते कळत नाही आणि पुरळ कशाने उठलं तेही कळत नाही. कॅलेंडरवर पाळीची तारीख, किती दिवस, किती दुखलं हे लिही. वजन महिन्यातून एकदा, त्याच काट्यावर. तीन महिने दे. काहीच फरक नसेल तर उरलेली डबी संपवायची म्हणून संपवू नकोस आणि ऑफिसातल्या कोणाला देऊही नकोस. डॉक्टरकडे जाताना सगळ्या डब्या पिशवीत घालून ने. 'काही घेता का' असं विचारलं की बायका 'काही नाही' म्हणतात, कारण या गोळ्या त्यांच्या हिशेबात औषध नसतातच.

आता पाठीचे फोटो पाठव. उजेडात काढ, बॅच नंबर दिसला पाहिजे.